डोंगरावरचे ठिपके

आमच्या शाळेत नेल्फा ओलाय्वारइतकं भित्रं माणूस दुसरं नव्हतं, आणि हे ती स्वतःच सांगायची. कुत्र्यांना भ्यायची, माइकला भ्यायची, बोटीत बसायला भ्यायची, आणि नवरा मात्र मासेमारी करणारा. नोए होडी घेऊन गेला की तो परत येईपर्यंत हिच्या घशाखाली कॉफी उतरायची नाही. फिलिपिन्समधल्या लेते बेटाच्या दक्षिण टोकाला आमचं हिनुलाओन गाव. पुढे समुद्र, मागे डोंगर, मधे नारळांची पट्टी. भित्र्या बाईला जन्म घ्यायला हीच जागा सापडली का, असं ती म्हणायची आणि मग स्वतःच हसायची.

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवते. दोन वर्गांच्या मधे नुसतं प्लायवूड आहे, त्यामुळे तिचे विज्ञानाचे तास मी इतकी वर्षं फुकटात ऐकत आले. मुलं तिला मॅम नेल्फा म्हणत. मी नांग नेल्फा म्हणायची, कारण ती मला मोठ्या बहिणीसारखी, आणि ती मला इंदाय म्हणायची, कारण तिच्या लेखी मी अजून पोरच.

शिकवायची ती मनापासून, पण एका सुरात. जेवणानंतरच्या तासाला नववीची मुलं बसल्या जागी पेंगायची. आदल्या वर्षी वर्ग बघायला प्रिन्सिपल मॅम गेरोना मागच्या बाकावर येऊन बसल्या आणि जाताना शेरा देऊन गेल्या की विद्यार्थ्यांचा सहभाग दिसत नाही. ते वाक्य नेल्फाने इतकं मनाला लावून घेतलं की पुढे वर्षभर निरीक्षणाचं नाव काढलं तरी तिचे तळहात ओले व्हायचे.

शेवटी कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सर रेमारने तिला शनिवारी शाळेत बोलवायला सुरुवात केली. मुलांनी नुसत्या बघायच्या नाहीत, स्वतः हात लावून पुढे न्यायच्या, अशा स्लाइड कशा बनवायच्या ते तो तिला दाखवायचा. ती माऊसवर बोट टेकवायची आणि काही उघडलं की चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायची.

"मॅम, चावत नाही तो," रेमार म्हणायचा.

"चावला असता तर बरं होतं. निदान काय चुकलं ते तरी कळलं असतं."

पण शिकली. तिने पहिली केली ती प्रश्नोत्तरांची स्लाइड. बरोबर उत्तरावर दाबलं की टाळ्या वाजायच्या, चुकीच्या उत्तरावर रेडा रेकायचा. मुलं मुद्दाम चुकीची उत्तरं दाबायला लागली. त्या आठवड्यात माझ्या वर्गात अपूर्णांक आणि पलीकडे दिवसभर रेडा. मी तक्रार करायला गेले तर नेल्फा दारातच भेटली, घाबरलेली, आणि तरी डोळ्यांत चमक. म्हणाली, "इंदाय, आज कोणी झोपलं नाही गं."

मग रेमारने बिनवायरचा माऊस आणून दिला. तो बाकांवरून हातोहात फिरायचा. ज्या मुलांनी वर्षात तोंड उघडलं नव्हतं, तीसुद्धा हातात माऊस आला की काहीतरी करून दाखवायची. उभं राहायला नको, पुढे जायला नको. नेल्फाला हे फार आवडलं. ती म्हणायची, "भित्र्या पोरांसाठी हे बरंय. लहानपणी मलाही असलं काही हवं होतं."

जानेवारीत पुन्हा निरीक्षण आलं. तेव्हा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. धडा होता डोंगर खचण्याचा. पुस्तकातलं चित्र परदेशातलं, त्यात बर्फ होता. नेल्फाने नोएला होडीतून आपल्याच गावाचा फोटो काढायला लावला. होडी हलत होती म्हणून फोटो जरासा तिरका आला, पण सगळं होतं त्यात. खाली शाळा, चर्च, गावप्रमुख काप देगारचं गुलाबी घर, वर चढत जाणारी वाट, आणि डोंगराच्या कुशीत वरची वाडी, इलाया. फोटोच्या कडेला तिने लाल ठिपक्यांचा ढीग करून ठेवला. मुलांनी एकेक ठिपका ओढून फोटोवर लावायचा आणि एका वाक्यात कारण सांगायचं, एवढाच खेळ.

तास सुरू झाला तेव्हा तिचा आवाज प्लायवूडमधून मला बारीक ऐकू येत होता. जमिनीला तडे जातात. झाडं एका बाजूला कलतात. घराची दारं लागेनाशी होतात. झरा आटतो किंवा अचानक गढूळ येतो. "यातलं काही तुम्ही पाहिलंय का, कुठे पाहिलंय, तिथे ठिपका लावा. नसेल पाहिलं तर माऊस पुढे द्या."

पहिल्या मुलाने ठिपका नेऊन काप देगारच्या घरावर ठेवला. "मॅम, इथे जमीन दबतेय. काप रोज इथेच बसतो." गावाचा कप्तान अंगाने चांगलाच भरलेला, त्यामुळे वर्ग हसला. माझाही वर्ग हसला.

मग माऊस क्लारिबेल पाहोकडे गेला. ही इलायाची मुलगी, आजोबांपाशी राहायची. तिने ठिपका वाडीच्या वरच्या कडेला लावला. "आमच्या स्वयंपाकघराचं दार लागत नाही. लोलोने रंधा मारला तरी लागत नाही."

पुढच्या मुलाने थोडं बाजूला ठिपका लावला. त्यांच्या नारळाची तीन झाडं कलली होती. कोणाच्या आत्याच्या घरामागचा झरा नाताळपासून कोरडा होता, एवढ्या पावसात. कोणी रेडा बांधायला गेली होती, तिथे जमिनीत फट होती आणि फटीत बेडूक होते. हसणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं, की माझ्या वर्गातल्या मुलांनीही लिहिणं थांबवलं होतं आणि सगळी प्लायवूडकडे बघत होती. मी उठून तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

पडद्यावरचे ठिपके इकडेतिकडे विखुरलेले नव्हते. कापच्या घरावरचा तो एक सोडला तर बाकीचे सगळे इलायाच्या डोक्यावरून एका वाकड्या रेषेत गेले होते, कोणी कोयत्याने डोंगरावर ओरखडा काढावा तसे. मुलांनी ठरवून काही केलं नव्हतं. प्रत्येकाने आपलं पाहिलेलं तेवढं लावलं होतं.

नेल्फा पडद्याकडे पाठ करून उभी होती. मुलांचे चेहरे बघून ती वळली आणि तिने ते पाहिलं. पुढची स्लाइड प्रश्नांची होती. तिने बटणाकडे हात नेला आणि तसाच खाली घेतला.

मॅम गेरोनांनी पेन बाकावर ठेवलं. आमच्याकडे निरीक्षणाच्या तासाची आधी तालीम करून घेतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "मॅम ओलाय्वार, हे मुलांना आधी सांगून ठेवलं होतंत का?"

"नाही मॅम," नेल्फा म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "सांगून ठेवलं असतं तर किती बरं झालं असतं."

मॅम गेरोनांनी लगेच तालुक्याच्या गावी, डोंगर तपासणाऱ्या सरकारी लोकांना फोन लावला. तिकडचे लोक यायला तयार होते, पण मधल्या नदीचं पाणी पुलावरून वाहत होतं. पाणी उतरलं की येतो, तोवर लोकांना खाली आणा, असं ते म्हणाले. आणायचं म्हणजे काप देगारने आणायचं. आणि त्या रविवारी इलायात सांतो निन्योची, म्हणजे बाळ येशूची जत्रा होती. डुकरं बांधून ठेवलेली, नारळाच्या पानांत भात भरायची तयारी सुरू, पाहुणे येऊन बसलेले.

दुपारी गावच्या सभागृहात इलायाची माणसं जमली. रेमारने जुन्या निवडणुकीच्या फ्लेक्सची पाठ वळवून पडदा केला. नेल्फा माझा दंड धरून उभी होती, तिची बोटं माझ्या हातात रुतत होती.

"नांग, तुला बोलावं लागेल," मी म्हटलं.

"मला ओकारी येतेय."

"मग ओकून ये आणि बोल."

ती खरंच मागे जाऊन आली. तेवढ्यात काप देगार बोलत होता. "पोरांचा खेळ आहे हा. पोरांना रंगीत काही दिलं की ती चिकटवत बसतात. माझ्या घरावरही ठिपका आहे म्हणे. उद्या मीही घर सोडू का?" लोक हसले. क्लारिबेलचे आजोबा, लोलो पोन्सिंग, पुढच्याच खुर्चीत होते. ते म्हणाले, "दारं पावसाने फुगतात, बाई. माझं दार माझ्या लग्नापासून फुगतंय."

कोणीतरी नेल्फापुढे माइक धरला. तिने तो हाताने बाजूला सारला. मग रेमारला म्हणाली, "मुलांचे ठिपके काढ सगळे. कोरा फोटो लाव." आणि माऊस घेऊन ती पहिल्या रांगेतल्या एका बाईसमोर गेली. तिने तो बाईच्या हातात ठेवला.

"मी काही सांगत नाही," नेल्फा म्हणाली. "तुम्ही लावा. नाताळनंतर घराभोवती काही वेगळं दिसलं असेल तर तिथे. नसेल तर पुढे द्या."

बाईने पडद्यावर आपलं घर शोधलं. मग तिने ठिपका ओढला. "ही आमची मोरी. इथली फरशी उचललीय." शेजारणीने तिच्याकडे पाहिलं. "तुझीही? बोलली नाहीस." माऊस पुढे गेला. कोणाला तो धरता येत नव्हता, तेव्हा रेमार हात धरून ठिपका न्यायचा. कोणी म्हणालं, माझं काही नाही, आणि मग अर्ध्यावरून माऊस परत मागितला. लोलो पोन्सिंगनेही लावला, आपल्या दारावर. "फुगलंय," ते म्हणाले, "पण लावतो."

सगळ्यांचं झाल्यावर नेल्फाने रेमारला मुलांची स्लाइड शेजारी लावायला सांगितलं. दोन्हीकडे तीच रेषा होती. मोठ्यांची जरा जास्त लांब.

पत्र्यावर पाऊस तेवढा वाजत होता. काप देगार उठला आणि त्याने माऊस मागून घेतला. मला वाटलं, आता हा सगळं पुसून टाकणार. त्याने ठिपका नेऊन इलायाच्या वाटेवरच्या नव्या संरक्षक भिंतीवर ठेवला. ती भिंत त्यानेच बांधून घेतलेली, उद्घाटनाला बँड आणला होता.

"तडा गेला होता," तो म्हणाला. "मी सिमेंट भरून घेतलं. आठवड्यात पुन्हा गेला." मग कोणाकडेही न बघता तो म्हणाला, "उतरा सगळे. अंधार पडायच्या आत. सांतो निन्योलाही खाली घ्या."

त्या संध्याकाळी आमच्या वर्गांत संसार येऊन पडले. माझ्या फळ्याखाली चटया, खिडकीत तान्ह्या मुलांचे कपडे. जत्रा शाळेच्या पटांगणात झाली, भिजत भिजत. लोकांनी ती आनंदानेच केली असं म्हणायला हरकत नाही.

आणि मग पाऊस थांबला. स्वच्छ ऊन पडलं, पण पूल गाळाने बंद होता, म्हणून तालुक्याचे लोक अजून पोचले नव्हते. डोंगर हिरवागार, शांत, इतका जवळ की झाडं मोजावीत. लोक पटांगणात उभे राहून त्याच्याकडे बघायचे आणि मग नेल्फाकडे. एका दिवसात तिचं नाव 'मॅम ठिपके' पडलं. कोणी विचारायचं, "मॅम, आज डोंगराचा मूड कसा आहे?" बायका भांडायला लागल्या, लहान मुलं आजारी पडली, वर राहिलेल्या डुकरांना खायला कोण घालणार यावरून रोज कटकट. कापने वाटेवर दोर बांधून माणसं बसवली, पण इलायाच्या लोकांना आडवाटा काय कमी ठाऊक होत्या.

नेल्फाचं खाणं सुटलं. मी तिला कँटीनमागे गाठलं तेव्हा ती पाण्याच्या पिंपाला टेकून बसली होती.

"इंदाय, तो पडेल याची मला भीती वाटते," ती म्हणाली. "आणि पडला नाही तर काय, याची त्याहून जास्त वाटते. काल प्रार्थनेला बसले तर काय मागू तेच कळेना. पडू दे म्हणू? लोकांची घरं आहेत वर. मी कसली बाई आहे गं?"

मी तिला बळेच भाताचा घास भरवला.

तो पडला तेव्हा आम्ही शिकवत होतो. संसार बाजूला सारून काही वर्ग सुरू केले होते. सकाळची वेळ, आकाश निळं. आधी आवाज आला नाही, पायांना कळलं. फळ्याच्या कडेचा खडू खाली पडला. मग वर कुठेतरी कोणी प्रचंड जाळं दगडांवरून ओढत आणतंय असा आवाज सुरू झाला आणि तो वाढतच गेला. पलीकडून नेल्फाचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता असा मोठा. "बाहेर. समुद्राकडच्या मैदानात. कोणी मागे बघायचं नाही." ती दाराशी उभी राहून एकेकाला खांद्याला धरून बाहेर ढकलत होती. माझी मुलंही तिच्याच सांगण्यावर निघाली. शेवटचं मूल गेल्यावर ती दारातच खाली बसली. मी आणि रेमारने तिला उचलून नेलं.

मैदानातून आम्ही बघितलं तेव्हा डोंगराला इलाया नव्हती. ठिपक्यांची रेषा होती तिथून खाली सगळा तांबडा चिखल, त्यात उलटे रुतलेले नारळ. चिखल खालच्या नारळांच्या पट्टीशी येऊन थांबला होता. हवेत ताज्या खणलेल्या मुळांचा वास होता, आणि कितीतरी वेळ एकही पक्षी ओरडला नाही.

मोजणी सुरू झाली. प्रत्येक घरची माणसं आपापली नावं पुकारत होती. पाहोंच्या कुटुंबातून क्लारिबेलचा एकटीचा आवाज येत होता, "लोलो, लोलो पोन्सिंग." ते पहाटेच आडवाटेने डुकरांना खायला घालायला वर गेले होते.

त्यांना शोधायला माणसं बरेच दिवस चिखलात होती. शेवटी सापडले.

पुढच्या काही महिन्यांत लोक नेल्फाच्या घरी मासे आणून ठेवायचे, भेट घ्यायला यायचे, आणि ती मागच्या दाराने शेजारी पळून जायची. कोणी धीराची बाई म्हटलं की तिला राग यायचा. मॅम गेरोनांनी तिला आसपासच्या गावांत पाठवलं, तिथल्या शिक्षकांना हा धडा करून दाखवायला. दर खेपेला निघताना ती आजारी पडायची आणि तरी जायची, बोटीतूनसुद्धा, माझा हात धरून. तिथे फोटो त्या त्या गावाचा लावायचा, माऊस फिरवायचा आणि आपण कोपऱ्यात बसायचं. एका गावात तीन ठिपके शेजारीशेजारी आले तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. तिथल्या लोकांनी त्याच दिवशी डोंगर तपासणाऱ्यांना बोलावून घेतलं.

पण सगळ्यात भ्यायची ती क्लारिबेलला. मुलगी शहरात मावशीकडे गेली होती, तिथल्याच शाळेत घातली होती. नेल्फा म्हणायची, "ती रस्त्यात भेटली तर मी काय बोलू? चार दिवस ऊन होतं तेव्हा मी त्या म्हाताऱ्याला धरून बसायला हवं होतं. मी माझ्याच भीतीत होते."

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आम्ही दफनभूमीत गेलो, नेल्फा, नोए आणि मी. सगळं गाव तिथेच होतं, फुलं, जेवणाचे डबे, पत्ते खेळणारी माणसं. लोलो पोन्सिंगच्या कबरीपाशी क्लारिबेल एकटी बसली होती. नेल्फा जागच्या जागी थांबली. परत फिरली असती, पण मुलीने तिला पाहिलं होतं.

"मॅम," ती म्हणाली आणि चटईवर सरकून जागा केली.

नेल्फा बसली. मग म्हणाली, "मी त्यांना अडवायला हवं होतं."

"मी अडवलं होतं," क्लारिबेल म्हणाली. "मी पॅन्ट धरून बसले होते त्यांची. म्हणाले, शौचाला जाऊन येतो. मग मी सोडली." तिने गवत उपटलं. "ठिपका त्यांनी लावलाच होता, मॅम. त्यांना ठाऊक होतं. पण डुकरं लहानपणापासून पाळलेली."

नेल्फाने तिचा हात हातात घेतला. मग दोघी एकदमच रडायला लागल्या आणि आम्ही दुसरीकडे बघू लागलो.

थोड्या वेळाने क्लारिबेलने नाक पुसत विचारलं, "आम्हाला नव्या वस्तीत घर मिळतंय. मावशी पण येतेय. वर्षाच्या मधेच आले तर वर्गात घ्याल?"

"घेईन," नेल्फा म्हणाली. "पुढच्या बाकावर बस. माझ्याजवळ."

समुद्राकडून वारा सुटला होता. मेणबत्त्या सारख्या विझत होत्या, आणि नोए एका हाताचा आडोसा करून त्या पुन्हा पेटवत होता.